‘फ्लेमप्रूफ केबल’ नावाची वस्तू नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम आटोपला की वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर साखर कारखान्यांच्या निविदा सूचना दिसू लागतात. देखभाल-दुरुस्तीच्या सामानात केबलची ओळ बहुतेक वेळा एवढीच असते : आर्मर्ड (धातूच्या तारांचे कवच असलेली) केबल, साडेतीन कोअर (तीन पूर्ण कोअर आणि अर्ध्या जाडीचा न्यूट्रल), अमुक साइझ, तमुक मीटर. त्या ओळीतून आलेला ड्रम मग मिल हाऊसलाही उलगडतो, बॉयलरलाही आणि डिस्टिलरीलाही. मिल हाऊसमधली चूक निदान पैशात भरून निघते. डिस्टिलरीत ती पैशात भरून निघेल याची खात्री नाही. पूर्वी आवाराच्या कोपऱ्यात असलेली डिस्टिलरी इथेनॉलच्या मागणीमुळे आता अनेक ठिकाणी साखरेच्या बरोबरीचा धंदा झाली आहे, पण केबलची मागणी मात्र अजून जुन्याच एका ओळीत लिहिली जाते. म्हणून हे पत्र.

आधी नावाचा घोळ. ‘साहेब, फ्लेमप्रूफ केबल देतो’ असे म्हणून विक्रेता जी दाखवतो ती बहुधा एफआरएलएस केबल असते. म्हणजे तिचे बाहेरचे पीव्हीसी आवरण आग सहजी पुढे नेत नाही, धूर कमी सोडते, आणि जळताना त्यातून निघणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू २० टक्क्यांच्या आत राहतो; ऑक्सिजन इंडेक्स, म्हणजे आवरण जळत राहायला लागणारे ऑक्सिजनचे प्रमाण, किमान २९ असावा लागतो. हे गुण चांगलेच आहेत, पण त्यांचा फ्लेमप्रूफशी संबंध नाही. फ्लेमप्रूफ हा पेटीचा गुण आहे. मोटरची बॉडी, पुश बटण स्टेशन, दिव्याची फिटिंग, जंक्शन बॉक्स यांच्या आत स्फोट झाला तरी ज्वाला बाहेरच्या वाफेपर्यंत पोहोचू नये, अशी त्यांची घडण असते आणि त्याचे प्रमाणपत्र असते. केबलला असे प्रमाणपत्र नसते. ग्लँडला, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथे तिला आवळून धरणाऱ्या धातूच्या जोडाला, असते. आणि महागड्या फ्लेमप्रूफ मोटरची सगळी पुण्याई जाते ती केबल आणि ग्लँड जिथे भेटतात त्या वीतभर जागेत.

इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ पेट घेऊ शकते तो, साधारण १३ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या थंडीतही दिवसा उघड्यावरच्या मद्यार्कावर पेट घेणारी वाफ असतेच. हवेत ती सव्वातीन टक्क्यांच्या आसपास मिसळली की ठिणगीची वाट पाहत बसते. शिवाय ती हवेपेक्षा दीडपटीहून जड. वर उडून न जाता ती जमिनीलगत सरपटते, आणि खाली काय असते? केबल ट्रेंच. टाकीच्या आतली वाफेची जागा झोन ०, व्हेंट आणि टँकर भरण्याच्या झाकणाभोवतीची जागा झोन १, त्यापलीकडे जिथे गळती झाली तरच वाफ येईल तो झोन २, असा नकाशा प्रत्येक डिस्टिलरीचा असतो, निदान असायला हवा. केबल मागवणाऱ्याच्या टेबलावर तो नकाशा नसेल तर पुढचे सगळे अंदाजपंचे.

आता केबलच्या पोटातले. कोअरच्या भोवती, आर्मरच्या खाली जो आतला थर असतो तो आपल्या आयएस १५५४ आणि आयएस ७०९८ या भारतीय मानकांप्रमाणे दोन तऱ्हांनी देता येतो : टेप गुंडाळून किंवा एक्स्ट्रूजनने, म्हणजे सलग दाबून. टेपवाली केबल स्वस्त पडते, म्हणून कमीत कमी दराच्या निविदेत तीच येते, आणि ती मानकात बसते म्हणून नाकारताही येत नाही. साखरेच्या बाजूला ती चालेलही. फ्लेमप्रूफ पेटीत मात्र ग्लँडची आतली रबरी रिंग याच थराला आवळते. टेप गुंडाळलेला थर गोल नसतो, दबतो, आणि कोअरमधल्या पोकळीत दोरीसारखे फिलर भरलेले असते. पेटीत स्फोट झाला तर तप्त वायू या पोकळीतून केबलभर धावतो. आयएस/आयईसी ६००७९-१४ हे मानक म्हणूनच सांगते की रिंगचा ग्लँड वापरायचा असेल तर केबल गोल आणि भरीव हवी, आतला थर एक्स्ट्रूडेड हवा, फिलर असलेच तर ओल न शोषणारे हवे आणि केबलची लांबी किमान ३ मीटर हवी. यातली एक जरी अट बसत नसेल तर बॅरिअर ग्लँड. त्यात कोअर सुटे करून त्यांच्या मधोमध इपॉक्सी कंपाउंड भरतात. ते सुकायला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी भरून रात्रीच्या पाळीत मोटर चालू करायची घाई इथे चालत नाही. मोटरपासून हातभर अंतरावर पुश बटण स्टेशन असते तिथे ३ मीटरची अट हमखास मोडते, आणि हमखास दुर्लक्षित राहते.

ग्लँडबद्दल आणखी थोडे, कारण इथे पैसे कमी लागतात आणि घोटाळे जास्त होतात. ग्लँड प्रमाणित, फ्लेमप्रूफ, डबल कॉम्प्रेशनचा हवा : एक सील आतल्या थरावर, एक बाहेरच्या आवरणावर, मध्ये आर्मरची पकड. त्याच्या बॉडीवर कोरलेला वायूचा गट वाचावा. आयआयए लिहिलेला ग्लँड इथेनॉलला पुरत नाही, आयआयबी हवा. नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ची (स्फोटकांच्या सुरक्षिततेची केंद्र सरकारी संस्था) मान्यता ज्या उपकरणांना मागितली जाते त्यांच्या कागदांबरोबर ग्लँडचेही कागद मागावेत. दुसरे म्हणजे आटे. पेटीवर एम-२० चे (मेट्रिक आट्यांचे) भोक आणि वायरमनच्या हाती पाऊण इंची ईटीचा (इंची आट्यांचा) ग्लँड, हा प्रसंग रोजचा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तो २० मिलिमीटरच्या भोकात डुगडुगत जातो, मग त्याला टेप गुंडाळून ‘घट्ट’ केले जाते. दिसायला बसलेला, पण ज्वाला अडवणारे आटे एकमेकांत गुंतलेलेच नाहीत. किमान पाच पूर्ण आटे बसले पाहिजेत. आणि न वापरलेल्या भोकात प्लॅस्टिकचे बूच दिसले तर ती पेटी फ्लेमप्रूफ नाही, मग तिच्यावर प्लेट कसलीही असो. तिथे प्रमाणित धातूचा प्लग लागतो.

कंडक्टरचे पाहू. साखर कारखान्यात अॅल्युमिनिअमची सवय इतकी आहे की साडेसात हॉर्सपॉवरच्या पंपालासुद्धा ६ चौ. मिमीची अॅल्युमिनिअम केबल ओढली जाते. धोकादायक क्षेत्रात १६ चौ. मिमीच्या खाली अॅल्युमिनिअम चालत नाही, आणि त्याच्या वरही योग्य लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) व टर्मिनल असेल तरच. कारण साधे आहे : अॅल्युमिनिअम दाबाखाली हळूहळू सरकते, त्यावर ऑक्साइडचा थर धरतो, पितळी टर्मिनलशी त्याचे पटत नाही, सांधा ढिला होतो, तापतो. मिल हाऊसमध्ये याचा शेवट जळालेल्या लगमध्ये होतो. म्हणून डिस्टिलरीतल्या छोट्या मोटरी, कंट्रोल, लायटिंग हे सगळे तांब्यात घ्यावे. तांबे महाग आहे हे मान्य. पण १० चौ. मिमीच्या आतल्या केबलची एकूण लांबी अशी किती असते?

ट्रेंच. वाफ जड असल्यामुळे डिस्टिलरीच्या भागातली उघडी ट्रेंच म्हणजे वाफेला एमसीसी रूमपर्यंत, म्हणजे मोटरींचे स्टार्टर असतात त्या खोलीपर्यंत, नेणारा पाटच. एमसीसीतले कॉन्टॅक्टर साधे, ठिणगी पाडणारे. म्हणून या भागात शक्यतो केबल वरच्या ट्रेवरून न्यावी. ट्रेंचच असेल तर ती कोरड्या वाळूने पूर्ण भरावी आणि भिंत ओलांडताना भोक सीलबंद करावे. भोकात गोणपाट कोंबून वरून सिमेंटचा हात फिरवणे हे सील नव्हे. पुढच्या वर्षी नवी केबल टाकताना ते फोडले जाते आणि तसेच उघडे राहते. सांडपाण्यातून वायू करणाऱ्या बायोडायजेस्टरकडे चित्र उलटे : तिथला मिथेन हवेपेक्षा हलका, तो छपराखाली साचतो, म्हणून तिथे वरच्या केबल आणि दिव्यांच्या फिटिंग जास्त सांभाळायच्या. स्पेंट वॉश (मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी) सांडणाऱ्या जागी गॅल्व्हनाइज्ड ट्रे फार दिवस टिकत नाही. जोड धोकादायक क्षेत्रात नकोच. लांबी मोजून अखंड केबल मागवावी.

इन्स्ट्रुमेंटेशनच्या केबलकडे इलेक्ट्रिकल विभाग आमचे काम नाही म्हणून पाहत नाही आणि इन्स्ट्रुमेंटवाले साइझ १.५ लिहून मोकळे होतात. लेव्हल ट्रान्समीटर ऊर्जा मर्यादित ठेवणाऱ्या बॅरिअरमागे असेल (हा वरच्या बॅरिअर ग्लँडहून वेगळा), म्हणजे ठिणगी पडली तरी पेट घेऊ नये असा इंट्रिन्सिकली सेफ असेल, तर तिथे प्रश्न अँपिअरचा नसून केबलमध्ये साठणाऱ्या ऊर्जेचा असतो. समजा, बॅरिअरवर जास्तीत जास्त ८३ नॅनोफॅरड लिहिले आहेत, ट्रान्समीटर स्वतः १० घेतो आणि केबल दर किलोमीटरला २०० नॅनोफॅरडची आहे. उरले ७३, म्हणजे केबल साधारण ३६५ मीटरपर्यंत. इंडक्टन्सचाही असाच हिशेब करायचा. बॅरिअरवर वेगवेगळ्या गटांसाठी वेगळे आकडे असतात, आपल्या गटाचाच घ्यावा. या केबलचे आवरण फिकट निळे असते, ती पॉवर केबलच्या ट्रेमध्ये टाकायची नाही, पेटीत तिची टर्मिनल इतरांपासून ५० मिलिमीटर दूर, आणि स्क्रीन एकाच टोकाला अर्थ करायची. स्क्रीन दोन्ही टोकांना अर्थ केलेली दिसते तिथे ‘रीडिंग नाचते’ ही तक्रारही असतेच.

डिस्टिलरीची फाटके ओलांडून साखरेकडे आलो की स्फोटाची भीती मागे पडते आणि उष्णता पुढे येते. या बाजूला केबल जळतात त्या बहुतेक कॅटलॉगचा आकडा जसाच्या तसा घेतल्यामुळे. सॉफ्ट स्टार्टरवर चालणारी ३७ किलोवॉटची, म्हणजे ५० हॉर्सपॉवरची मोटर घ्या. पूर्ण भाराला ती ४१५ व्होल्टवर सुमारे ६६ अँपिअर घेते. (स्टार-डेल्टा असेल तर दोन केबल जातात आणि प्रत्येकीत ५८ टक्के प्रवाह, तो हिशेब वेगळा.) कोष्टकात २५ चौ. मिमीची अॅल्युमिनिअम पीव्हीसी केबल हवेत ७० अँपिअर दाखवते. झाले, २५ ची मागवली. पण कोष्टक ४० अंशांच्या हवेसाठी आहे. बॉयलर हाऊसमध्ये ट्रेच्या उंचीवर उन्हाळ्यात ५० अंश सहज असतात. पीव्हीसीची मर्यादा ७० अंश, त्यामुळे क्षमता ०.८२ पट उरते. ट्रेमध्ये शेजारी शेजारी चिकटून केबल असतील तर आणखी ०.८ धरा. ७० चे राहिले ४६. ३५ चौ. मिमी घेतली तर ८६ चे ५६, अजून अपुरे. ५० ला १०५ चे ६९, तेव्हा कुठे मोटर पेलते. म्हणजे दोन साइझ वर. केबल २०० मीटर लांब असेल तर ५० चौ. मिमीवर चालू स्थितीत १६ व्होल्ट पडतात, चार टक्क्यांच्या जवळ. २५ ची टाकली असती तर २९ व्होल्ट गेले असते आणि मोटर कमी व्होल्टेजवर जास्त प्रवाह ओढत राहिली असती. दोष मग ‘मोटर रिवाइंडिंग खराब’ असा नोंदवला जातो.

एक्सएलपीई, म्हणजे क्रॉस-लिंक्ड पॉलिइथिलीनच्या इन्सुलेशनची केबल घेतली तर ती ९० अंशांपर्यंत चालते, तोच ५० अंशांचा घटक ०.८९ होतो आणि साइझ एखाद्या पायरीने उतरू शकते. शॉर्ट सर्किटलाही ती सरस : एका सेकंदासाठी अॅल्युमिनिअमच्या दर चौ. मिमीला ९४ अँपिअर, पीव्हीसीला ७६. फक्त एक मेख आहे. केबल ९० अंश सोसते म्हणून तिला तेवढी तापवायची नसते, कारण तिचे टोक ज्या ब्रेकरच्या टर्मिनलवर बसते ते तेवढे सोसत नाही. एक्सएलपीईचा फायदा उष्ण हवेसाठी आणि शॉर्ट सर्किटसाठी राखून ठेवावा, भार वाढवण्यासाठी नव्हे. आमच्या मते आता बॉयलर, टर्बाइन आणि बॉयलिंग हाऊससाठी पॉवर केबल पीव्हीसी इन्सुलेशनची मागवण्यात अर्थ उरलेला नाही.

साडेतीन कोअरची सवयही तपासावी. मोटरला न्यूट्रल लागतच नाही. तिथे ३ कोअर पुरते आणि अर्ध्या कोअरचे पैसे वाचतात. उलट लायटिंग आणि यूपीएसच्या फीडरवर एलईडीच्या ड्रायव्हरमुळे न्यूट्रलमध्ये तिसऱ्या हार्मॉनिकचा प्रवाह साठत जातो, तिथे अर्धा न्यूट्रल कमी पडतो. पूर्ण ४ कोअर घ्यावी. म्हणजे जिथे नको तिथे आपण अर्धी कोअर घेतो आणि जिथे एक हवी तिथेही अर्धीच. टर्बाइनकडून येणाऱ्या मोठ्या सिंगल कोअर केबलला स्टीलचे आर्मर कधीच नको, ते स्वतःच तापते. अॅल्युमिनिअमच्या तारेचे आर्मर हवे आणि ग्लँड प्लेटही लोखंडी नको. गव्हाणीवरच्या क्रेनची लोंबती केबल ही आयएस ९९६८ ची रबरी, बारीक तारांची लागते. तिथे आर्मर्ड केबल बांधली तर काही आठवड्यांत आतली तार तुटते. सल्फिटेशनजवळ (उसाचा रस गंधकाच्या धुराने शुद्ध करतात तिथे) त्या धुराने पितळी ग्लँड आणि ट्रे खाल्ले जातात, तिथे निकेल प्लेटिंग आणि पीव्हीसीची टोपी लागते. आणि घुशी. गोड वासाच्या इमारतीत बंद हंगामात घुशींना मोकळे रान असते, त्यामुळे थोडे पैसे वाचवण्यासाठी टाकलेली विनाआर्मर केबल ऑक्टोबरमध्ये कुरतडलेली मिळते.

साखर गोदाम आणि पॅकिंग हाऊस सगळेच ‘सेफ एरिया’ धरतात. ग्रेडर, एलेव्हेटर आणि हॉपरभोवती उडणारी साखरेची पूड स्फोटक असते. अमेरिकेत जॉर्जियामधल्या पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी अशाच पुडीचा स्फोट होऊन १४ कामगार गेले. तिथे सुरुवात बहुधा तापलेल्या बेअरिंगपासून झाली, केबलपासून नव्हे. पण पुडीला कारण कुठलेही चालते. अशा जागी आडव्या बंद ट्रेमध्ये पुडीचा थर साचतो, तो गोधडीसारखा केबलची उष्णता कोंडतो. ट्रे उभी लावावी, शिडीसारखी उघडी असावी, पेट्या धूळबंद असाव्यात. बगॅसच्या कन्व्हेअर गॅलरीतही हेच, शिवाय तिथे एफआरएलएस आवरण हवेच. आगीच्या पंपाची केबल मात्र एफआरएलएस असून भागत नाही. तिचे काम आग लागल्यावर चालू राहण्याचे आहे. तिथे फायर सर्व्हायव्हल केबल मागवावी, आणि ती बगॅस यार्डावरून नेऊ नये.

तेव्हा निविदेतली ओळ कशी असावी? डिस्टिलरीतल्या एका पंपासाठी अशी : ए-टू-एक्स-डब्ल्यू-वाय, ११०० व्होल्ट, ३ कोअर ३५ चौ. मिमी, आयएस ७०९८ भाग १, आतला थर एक्स्ट्रूडेड, फिलर ओल न शोषणारे, गोल तारेचे आर्मर, बाहेरचे आवरण एफआरएलएस, काळे, मीटरचे आकडे छापलेले, अखंड लांबी १८० मीटर. यातले डब्ल्यू म्हणजे गोल तार. एफ लिहिले तर चपटी पट्टी येते, आणि गोल तारेसाठी घेतलेला ग्लँडचा कोन पट्टीला नीट धरत नाही. साखरेच्या बाजूची ओळ वेगळी, वेगळ्या आयटम नंबरची असावी, म्हणजे दर एकत्र तोलले जाणार नाहीत.

माल आल्यावर व्हर्निअरने कंडक्टरची जाडी मोजून समाधान मानू नये. मानकात साइझ ठरते ती रेझिस्टन्सवरून. ५० चौ. मिमी अॅल्युमिनिअमला २० अंशांवर किलोमीटरला ०.६४१ ओहमपेक्षा जास्त चालत नाही. २५० मीटरच्या ड्रमला म्हणजे ०.१६० ओहम, ड्रम ३५ अंशांवर असेल तर ०.१७० पर्यंत. साधा मल्टिमीटर इथे उपयोगाचा नाही, मायक्रो-ओहममीटर लागतो. ४५ चौ. मिमीचा कंडक्टर ५० म्हणून आला असेल तर आकडा अकरा टक्क्यांनी जास्त येतो, लपत नाही. १००० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारे यंत्र) इन्सुलेशन पाहावे ते केबल ओढण्याआधी एकदा आणि ग्लँड बांधल्यावर पुन्हा एकदा. ओढताना वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या १२ पटीपेक्षा कमी करू नये. जमिनीखाली ०.७५ मीटर खोल, खाली-वर वाळू, वर विटा.

ही कामे नेमकी पावसाळ्यात होतात. ड्रममधून तुकडा कापला की दोन्ही कापलेली टोके त्याच दिवशी एंड कॅपने बंद करावीत, कारण तारांच्या मधून पाणी आत कित्येक मीटर ओढले जाते आणि नंतर मेगर खाली का येतो ते कळत नाही. आणि ग्लँडची ऑर्डर केबलच्या ऑर्डरबरोबर देऊ नये. एकाच साइझच्या केबलचा बाहेरचा व्यास कंपनीगणिक बदलतो. केबल आली की तिचा आतल्या थरावरचा, आर्मरखालचा आणि बाहेरचा असे व्यास मोजून, वीतभर तुकडा ग्लँडवाल्याकडे पाठवून मगच आकडा द्यावा. त्यासाठी केबल ऑगस्टपर्यंत आवारात आलेली असावी लागते. ती सप्टेंबरअखेर आली की बॉयलर पेटवण्याच्या तारखेआधी जो ग्लँड मिळेल तो बसवला जातो.

आपले,
साखर कारखाने व डिस्टिलरींच्या विद्युत विभागात काम करणारे काही अभियंते आणि सुपरवायझर
सांगली